पडत्या भावातला गेम

चाळिशीला टेकलेल्या, दोन लेकरांच्या आईला व्हिडिओ गेमचं वेड लागावं, ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. पण मला लागलं होतं, आणि ते लपवायची मला कधी गरज वाटली नाही. घाटंजीत बसस्टँडसमोरच्या ओळीत आमचं कटपीसचं दुकान होतं. त्याच्या भिंतीला भिंत लागून व्हिडिओ गेमचं दुकान. दुपारी आमच्याकडं गिऱ्हाईक नसायचं. खरं सांगायचं तर त्या वर्षांत ते सकाळीही नसायचं. कापसाला भाव नाही तर ब्लाऊजपीसला गिऱ्हाईक नाही, इतकं साधं गणित. नवरा तोंडावर पेपर घेऊन गादीवर आडवा झाला की मी हळूच शेजारी जायचे.

ते दुकान भाईंचं. भाई टीव्ही मेकॅनिक. लोकांनी टाकून दिलेले चार टीव्ही त्यांनी दुरुस्त करून फळीवर मांडले, त्यांना गेमचे डबे जोडले, समोर बाकडी टाकली आणि दाराला पडदा लावला. पण दुकानात बसायची भाभी, त्यांची बायको. भाभी ढाणकीची. डोक्यावर ओढणी, गालात सुपारी आणि हातात रिमोट. बटणांच्या त्या चपट्या खेळण्याला आमच्याकडं सगळे रिमोटच म्हणायचे. कॉलेजातले पोट्टे आधी हसायचे, बाईमाणूस काय खेळणार म्हणून. भाभी म्हणायची, "बसा नं. तुमी हारले तं दुसरा डाव तुमच्या पैशानं, जितले तं माह्या." दुसरा डाव नेहमी त्यांच्याच पैशानं व्हायचा.

मला तिनं रणगाड्यांचा गेम शिकवला. तो दोघींनी मिळून खेळायचा असतो. खाली विटांच्या घरात आपला झेंडा आणि वरून शत्रूचे रणगाडे येतात. मी स्वभावानंच भांडखोर, त्यामुळं रणगाडा दिसला की सुसाट पुढं जायचे आणि मरायचे. भाभी झेंड्याजवळ ठाण मांडून असायची. "दीदी, घर सोडून कायले पळता?" ती ओरडायची. "घर गेलं का खेल खतम." कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती, तिचं ऐकायची मात्र लागली.

चारही टीव्हींच्या बटणांवरचे आकडे झिजून गेले होते. भाभीनं त्यांवर नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले होते. तीन टीव्हींना लाल. चौथ्याच्या वेळी तिची बाटली संपली, म्हणून मी माझी मोरपंखी आणून दिली. तो टीव्ही मग 'दीदीचा टीव्ही' झाला आणि त्यावर दुसरं कुणी बसलं असलं तर भाभी त्याला सरकवून मला जागा करून द्यायची. एवढा मान मला माझ्या सासरी कधी मिळाला नव्हता.

कॅसेटी भाई यवतमाळहून आणायचे. वर मोठ्या अक्षरांत नऊशे नव्याण्णव गेम असं लिहिलेलं असायचं, आत आठ-दहाच, नावं बदलून पुन्हा पुन्हा तेच. पण स्वस्त इतकी की दोन ब्लाऊजपीसच्या पैशात येऊन जायची. एकदा भाभी अशी एक नवी कॅसेट उलटीपालटी करून पाहत बसली.

"दीदी, इतल्या सस्त्यात देऊन राह्यले, तं ज्यानं हे बनवलं त्याच्या हातात काय पडत असन?"

"थो कुठीसा बसला असन चीन-जपानात," मी म्हटलं. "त्याची फिकर तुमी कायले करता?"

"फिकर नाही हो. पण कोनाच्या तरी हातात कमी पडल्याबिगर सस्तं होत नाही."

बाहेर रस्त्यानं कापसाच्या बैलगाड्या परत चालल्या होत्या, भरलेल्याच. सरकारी खरेदी केंद्रावर मोजमाप बंद होतं. मी तिकडं पाहिलं, तिनंही पाहिलं. मग मी कॅसेट लावली आणि आम्ही खेळायला लागलो. दुसरं काय करणार होतो?

भाभीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या गोष्टीवरच अडलं. तिचे अब्बा बकऱ्यांचे व्यापारी. लहानपणी ती त्यांच्याबरोबर बाजारात जायची. रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करतात तो बाजार. भाव न करता घेतलेली बकरी दूध देत नाही, असं अब्बा म्हणायचे. ते तिच्या अंगात पुरतं मुरलेलं. आठवडी बाजारात तिच्यासोबत जायचं म्हणजे माझी मान खाली. कोथिंबिरीच्या जुडीसाठी ती भाजीवालीशी इतका वेळ घासाघीस करायची की बाकीची गिऱ्हाइकं गोळा व्हायची. सौदा पटला की हीच भाभी त्याच बाईला आपल्या डबीतली सुपारी द्यायची, लेकराबाळांची चौकशी करायची. मी चिडले की म्हणायची, "अवं दीदी, सांगणारा दुगना सांगते, घेणारा आधा मांगते, मंग दोघं बी हसत हसत मधात येते. भाव केल्याबिगर बोलणं कसं होईन मानसामानसाचं?"

म्हणजे हे सगळं मला माहीत होतं. तिच्या तोंडून ऐकलेलं होतं.

गेमचं दुकान कापसावर चालायचं, हे ऐकून शहरातल्या माणसाला हसू येईल. पण आमच्याकडं सगळंच कापसावर चालायचं. वेचणी सुरू झाली की आसपासच्या गावांतले पोट्टे बाजाराच्या दिवशी वेचणीचे पैसे घेऊन यायचे, भजी खायचे आणि पडद्याआड घुसायचे. मग कापसाचं बिनसलं. लोकांनी आधी सणाचे कपडे बंद केले, मग भजी, मग गेम. जे थोडे यायचे त्यांनाही खेळायला मिळेना, कारण दिवसातला बराच वेळ लाईटच नसायची. डाव रंगात यायचा आणि चारही पडदे एकदम काळे व्हायचे. कुणाचा किती खेळ उरला हे भाभी तोंडपाठ ठेवायची आणि पुढच्या वेळी तेवढा फुकट खेळू द्यायची. एकदा मला म्हणाली, "आता तं उरलेलेच खेलून राह्यले सारे. नवीन कोनी येतच नाही."

आदिलाबादेत भाईंच्या मेहुण्याचं टीव्हीचं दुकान होतं. त्याचा निरोप आला, इकडं या, काम आहे. भाई निघायला तयार होते. भाभी नव्हती. तिची शाळेत जाणारी पोरगी होती, आपली माणसं जवळपास होती, आणि मी होते. हे शेवटचं मी माझ्या मनानं जोडत नाही, तिनंच मला सांगितलं होतं.

मग तिनंच तोड काढली. माहेरी असताना ती साड्यांना फॉल-पिको करायला शिकली होती. आमच्या दुकानात साडी-ब्लाऊजपीस घ्यायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, फॉल-पिको होते का इथं? आणि आम्ही नाही म्हणायचो. "माह्या दुकानात खिडकीजवळ जागा आहे," मी भाभीला म्हटलं. "मशीन घ्या न् बसा." तिनं भाईंना गाठलं. भाई कमी बोलणारे. ते म्हणाले, गेमचं सामान विकून पिकोची मशीन आली तर राहू, नाही तर ईद झाली की निघू. मशीन कितीला पडते हे ते यवतमाळला जाऊन पाहून आले. मी तो आकडा विचारला नाही. अडलेल्या माणसाला आकडे विचारू नयेत, असं मला वाटायचं.

त्याच दिवशी मी खिडकीजवळचे मांजरपाटाचे गठ्ठे हलवले आणि ती जागा झाडून पुसून घेतली. नवरा म्हणाला, "अजून मशीन नाही आली न् तुह्यं उद्घाटन बी झालं." मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

भाभीनं दाराच्या फळीवर खडूनं लिहिलं, टीव्ही, गेम, कॅसेट विकणे आहे. पहिल्याच सकाळी ओळीतले चहाचं हॉटेल चालवणारे दादा विचारायला आले. त्यांना हॉटेलात टीव्ही हवाच होता. भाभीनं भाव सांगितला आणि सुपारी गालात सरकवून त्यांच्या तोंडाकडं पाहत उभी राहिली. आकडा जास्तच होता. मला वाटलं, आता दादा काहीतरी बोलतील. दादांनी मान हलवली, "बरं बरं, बराबर आहे," म्हणाले, आणि खाली पाहत निघून गेले. भाभी त्यांच्या पाठीकडं बघत राहिली.

दादा का गेले ते मला कळलं होतं. आमच्या ओळीत एक रीत होती. कुणाचं दुकान बसलं तर त्याचा माल ओळीतल्या माणसानं पडत्या भावात घ्यायचा नाही. फार पूर्वी एका भांडेवाल्यानं शेजाऱ्याच्या अडचणीत त्याचा ताजवा आणि मापं मातीमोल घेतली, आणि पुढं त्या भांडेवाल्याच्या घरात काही धड झालं नाही, अशी कथा होती. खरी-खोटी देव जाणे. पण तेव्हापासून ओळीत कुणी कुणाचा तळतळाट घ्यायला तयार नव्हतं. सायकलवाल्यानं दुकान बंद केलं तेव्हा त्याचा हवा भरायचा पंप ओट्यावर गंजत पडला, पण ओळीतल्या कुणी त्याला हात लावला नाही. याचा आम्हाला अभिमान होता. कापसाची ती वर्षं आली आणि रीत आणखी कडक झाली. व्यापारी गावोगाव जाऊन अडलेल्या माणसाच्या अंगणातून कापूस पडत्या भावात उचलत होते आणि आम्ही रोज त्यांना शिव्या घालत होतो. शिव्या घालणाऱ्यानं निदान तसं वागू तरी नये, असं सगळ्यांच्या मनात होतं.

घ्यायचं तर सांगितलेल्या भावात घ्यायचं, नाही तर घ्यायचंच नाही. आणि सांगितलेल्या भावात घ्यायची ऐपत ओळीत एकाचीही नव्हती.

मला तो रणगाड्यांचा गेम हवा होता. माझा मोरपंखी टीव्ही, त्याचा डबा, कॅसेट आणि दोन रिमोट. साबुदाण्याच्या डब्यात माझे साठवलेले पैसे होते. मोजून पाहिले तर भाभीनं सांगितलेल्या भावाच्या जेमतेम निम्मे. मी नवऱ्याला म्हटलं, "निम्म्यात देते का विचारू काय?"

तो पेपर बाजूला सारून उठून बसला. "लाज वाटते का तुले? बाई दुकान मोडून राह्यली न् तू तिले भाव पाडून मांगतं? मैतरीण म्हनतं नं तिले?"

"मंग कोनीच नाही घेतलं तं?"

"नाही घेतलं तं नाही घेतलं. आपला हात तं साफ राह्यला."

 एरवी मी भांडले असते. तो म्हणाला ते मलाही खरंच वाटत होतं, हीच तर पंचाईत होती.

दिवस जायला लागले. ओळीतले लोक गेमच्या दुकानासमोरून जाताना मान वळवायचे, खडूनं लिहिलेलं जणू वाचताच येत नाही. हॉटेलवाले दादा तर रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. हे सगळं भाभीच्या इज्जतीसाठी चाललं होतं. शेवटी मला राहवेना. मी किराणावाल्या काकांकडं गेले. काका ओळीत सगळ्यांत जुने, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"काका, कोनीतरी काहीतरी घ्या नं भाभीचं," मी म्हटलं. "अर्ध्या भावात घ्या, पाव भावात घ्या, पण घ्या."

"पोरी, पडत्या मानसाचा माल आपल्या ओळीत कोनी घेत नाही."

"मंग उभं करा नं तिले! आपन नाही घेतलं तं थे उभी राहीन काय?"

काका रागावले नाहीत. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "कापसाचा चुकारा येऊ दे. गिऱ्हाइकाची बाकी वसूल झाली का आपन साऱ्याइनं वर्गणी करू न् तिच्या पुऱ्या भावात सारं सामान घेऊ. एक पैसा कमी नाही. पन तिले आत्ता सांगू नोको. आशेले लावून नाही झालं तं पाप लागन."

मला इतका आनंद झाला की मी तिथंच त्यांच्या पाया पडले. संध्याकाळपर्यंत सगळी ओळ हो म्हणाली. हॉटेलवाले दादा, फोटो स्टुडिओवाले, माझा नवरासुद्धा. एकेकाचा चेहरा असा उजळला होता की विचारू नका. चांगलं काम करायचं ठरलं की माणसाला ते करून झाल्यासारखंच वाटतं. चुकारा मात्र आला नाही. विकलेल्या कापसाचे पैसे या आठवड्यात मिळतील, पुढच्या आठवड्यात मिळतील, असं लोक सांगत राहिले आणि आम्ही कापड उधार देत राहिलो.

एका दुपारी भाभी माझ्या दुकानात आली. झाडून ठेवलेल्या त्या खिडकीजवळच्या जागेत जमिनीवरच बसली.

"दीदी, ओळीतले लोक माह्यावर नाराज आहे काय?"

"नाही हो भाभी. कायले नाराज असन?"

"मंग कोनी भाव काहून करत नाही? आमचं सामान नाही पायजे काय कोनाले?"

त्या 'आमचं'मध्ये तिनं काय काय धरलं होतं ते मला कळलं. "तसं नाही हो," मी म्हटलं, "साऱ्याइले तुमची इज्जत आहे." वर्गणीचं अगदी ओठांवर आलं होतं. काकांना शब्द दिला होता, म्हणून गिळलं.  भाभी उठून ओढणी सारखी करत म्हणाली, "इज्जत तं आहे म्हना," आणि गेली.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी आमच्याकडं नेमकी चार बाया खरेदीला आल्या होत्या. बाहेर मेटाडोर थांबल्याचा आवाज आला, पण बाजाराच्या दिवशी मेटाडोर येतच असतात. कापड फाडून, घडी करून बाहेर आले तोवर तीन टीव्ही गोणपाटात गुंडाळून गाडीत चढले होते. चौथा दोन हमाल उचलत होते. यवतमाळचा जुन्या सामानाचा व्यापारी होता. भाभी त्याच्याशी हातवारे करून भाव करत होती. गालात सुपारी, आवाज चढलेला. कित्येक दिवसांनी मी तिला असं बोलताना पाहिलं. पण तो व्यापारी बधणारा नव्हता. "भंगार आहे बाई हे," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणून उचलतो." भाईंनी त्याच्याकडून पैसे घेतले, घडी करून खिशात ठेवले आणि दाराच्या फळीवरचा खडू ओल्या फडक्यानं पुसायला लागले.

मी काकांच्या दुकानात धावले. काका तुरीची डाळ मोजत होते. ऐकून तसेच बाहेर आले, हातात माप घेऊन. मेटाडोर वळणावर गेली होती. "असं कसं?" ते म्हणाले. "आपन तं घेनारच होतो नं."

"हो," मी म्हटलं. "घेनारच होतो." त्यांच्यावर ओरडावं असं फार वाटलं. पण त्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. त्याच्यावर काय ओरडणार?

ईद झाली. आम्हाला शेवटचा शिरखुर्मा मिळाला. दोन-चार दिवसांत त्यांचं बोचकं-भांडं बांधून झालं. आदिलाबादेकडं जाणाऱ्या गाडीची वाट पाहत भाई आणि पोरगी स्टँडवर सामानापाशी बसले आणि मी भाभीला चहाला म्हणून दादांच्या हॉटेलात घेऊन आले. हॉटेलात नवाच टीव्ही लागला होता, म्हणजे दादांना नवा. दोन दिवसांपूर्वी यवतमाळहून आणलेला. त्यावर क्रिकेट चालू होतं आणि चार-पाच जण माना वर करून बघत होते.

भाभी बाकावर बसली, तिनं वर पाहिलं, आणि मग तिनं माझा दंड धरला. "दीदी, तुमचा टीव्ही."

बटणांवर मोरपंखी ठिपके होते. एका ठिपक्याला माझ्याच अंगठ्यानं ओरखडा पडलेला होता.

दादा चहा घेऊन आले. भाभीनं त्यांना विचारलं, "दादा, कितीत भेटला?"

"यवतमाळच्या जुन्या बाजारातून आनला," दादा खुशीत म्हणाले. "लय सस्त्यात भेटला." त्यांनी आकडा सांगितला. भाभीनं सांगितलेल्या भावाच्या अर्ध्याहून थोडा वर होता तो. यवतमाळच्या दुकानात दादांनी तासभर घासाघीस करून तो पाडून घेतला होता. तिथं विकणाऱ्याचं घर दिसत नव्हतं, त्यामुळं रीत आडवी आली नाही.

भाभी हसली. रागानं नाही, तिला खरंच हसू आलं. "मी याच्याहून कमीत देल्ला असता दादा. ह्या ठिपक्याइले पहा. माहा होय थो टीव्ही."

दादांच्या हातातला ट्रे खाली टेकला. ते टीव्हीकडं पाहत राहिले, मग तिच्याकडं. "पन भाभी, तुमी तं..."

"मी दुगना सांगतला होता. दुगनाच सांगतेत नं? तुमी आधा मांगान म्हनून उभी होती मी. थो दिवस बी न् पुढचे सारे दिवस बी. तुमी आधा, दीदीनं आधा, फोटोवाल्यानं आधा देल्ला असता तरी माही मशीन येत होती."

"मंग तुमीच काहून कमी नाही केला?" मी म्हटलं. 

"कोनी मांगल्याबिगर आपल्याच तोंडानं भाव पाडला तं माल सडका ठरते दीदी. अब्बानं शिकवलेलं."

दादा म्हणाले, "आमच्या ओळीत पडत्या मानसाचा माल घेत नाही हो भाभी. म्हनून..."

"पडली कुठी होती मी?" भाभी म्हणाली. "दुकान बंद करून राह्यलती फक्त."

कुणाचा तरी चौका गेला आणि हॉटेलातली माणसं ओरडली. स्टँडवरून भाईंनी हात केला, गाडी लागली होती. भाभी उठली. दादा म्हणाले, "चहाचे पैसे राहू द्या." तिनं पैसे टेबलावर ठेवले, म्हणाली, "भाव करा नं दादा. फुकट नोको." दादांनी रिकामा ट्रे छातीशी धरला. ते तसेच उभे राहिले आणि ती पूर्ण पैसे ठेवून बाहेर पडली.

गाडीच्या दारात तिनं माझा हात धरला. "तुमाले पायजे होता नं थो रनगाडेवाला गेम?"

"हो."

"मंग मांगला काहून नाही?"

मी काय सांगणार होते? तुमच्यावर माया होती म्हणून नाही मागितला, हे कसं सांगायचं? कंडक्टरनं घंटी मारली. पोरगी मागच्या खिडकीतून हात हलवत राहिली. भाभीची खिडकी पलीकडच्या बाजूला होती, ती मला दिसली नाही.

मी दुकानात येऊन गादीवर बसले. नवऱ्यानं माझं तोंड पाहून पेपर खाली ठेवला. थोड्या वेळानं दोन बाया आल्या. एकीला परकर-कापड हवं होतं. दुसरीच्या पिशवीत नवी साडी होती. ती साडी तिनं काढली, उलगडून पदर पाहिला आणि झाडून ठेवलेल्या त्या खिडकीजवळच्या जागेकडं बोट केलं.

"बाई, फॉल-पिको होते का इथं?"

"नाही होत," मी म्हटलं.